रविवारचे सहा डबे

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू दिलंय. त्यावरून तुझा काही गैरसमज नको.

आज रविवार. पहाटे पाचला उठले, स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर पातेलंभर मूग भिजलेले. काल रात्री मीच घातले होते, हाताला वळण पडलंय ना! त्या मुगांकडे बघून डोकं असं फिरलं की म्हटलं, आता हे बोलून टाकलंच पाहिजे. तेराव्याला बोलता आलं नाही. पंगतीत सगळे तुझं कौतुक करत होते. "माणूस सरळ. खोटं म्हणून कधी बोलला नाही." मी तेव्हा मठ्ठा वाढत होते. भांडं तिथेच आपटावं असं वाटलं होतं मला! पण तुझा मुलगा बेंगळुरूहून येऊन बिचारा सगळं नीट करत होता, त्याच्यासमोर कसं बोलणार? म्हणून हे पत्र.

तू दोन वर्षं माझ्याशी खोटं बोललास, दादा. आठवड्यातून सहा दिवस, रोज सकाळी नऊ वाजता, फोन करून.

तुला स्टेंट बसवली तेव्हाचं आठवतंय? डॉक्टर म्हणाले, तेल-तूप कमी करा, बाहेरचं खाणं सोडा. दूध, दही, अंडी, मासे सगळं बंद, हे मी म्हटलं. हो, मीच. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका बाईंचं त्यावर शिबिर झालं होतं, 'प्लांट बेस्ड' की काय ते. सगळं झाडापासून आलेलं खायचं, प्राण्याचं काही नाही. मी वहीभर लिहून आणलं आणि तुझ्यावर लागू केलं. तू एकटा, वहिनी गेलेली, सकाळी गेटवरच्या गाडीवर ऑम्लेट-पाव खायचास. कुणीतरी हातात घ्यायलाच हवं होतं तुला! चुकलं माझं?

बरं, तू तेव्हाच नाही म्हणायचंस. तुझ्या तोंडाला काय झालं होतं? तू म्हणालास, "शकू, शिळं खायचं का आता मी सात-सात दिवस?" आणि हसलास. मी म्हटलं, शिळं कसलं, नीट झाकून फ्रिजमध्ये ठेवलेलं. तसं लहानपणी आईने कालच्या भाकरीचा कुस्करा केला की माझ्या ताटलीतलाही ओढून खायचास तू. तेव्हा नाही आठवलं शिळं!

मग सुरू झाले माझे रविवार. शनिवारी वाशीला एपीएमसीत जाऊन पालक, कोबी, कोथिंबीर, मटकी. रविवारी पहाटे उठून सहा डबे. सोमवारी मूग-पालकाच्या धिरड्यांचं पीठ, कारण ते जास्त टिकत नाही. मंगळवारी कोथिंबीर वडीचे उकडलेले उंडे, कापून तव्यावर परतले की झालं. बुधवारी भाजलेला दलिया, वाळवलेल्या भाज्या आणि मसाला घालून, वर फक्त उकळतं पाणी ओतायचं. गुरुवारी नाचणीच्या इडल्या, त्या फ्रीझरमध्ये. शुक्रवारी मोडाची मटकी वाफवून. शनिवारी शेंगदाण्याचं दही आणि त्यात खजूर घातलेले ओट्स. प्रत्येक डब्याला चिकटपट्टी, पट्टीवर वार. तुला डोकं लावायला लागू नये म्हणून 'दोन मिनिटं गरम कर' हेसुद्धा लिहायचे मी. आमच्या ह्यांना मात्र त्या दिवशी ब्रेड-बटर. ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन आमच्या सारसोळ्याच्या मासळीबाजारावरून तुझ्याकडे यायचे ना, तर तिथली ती जाडजूड कोळीण, नेरूळला आलास की जिच्याकडून तू कोलंबी न्यायचास ती, मला दर रविवारी हटकायची. "बाय, तुजा भाऊ येत नाय हल्ली? कोलंबी हाय बग ताजी!" आणि मी, मूर्ख, ताठ मानेने सांगायचे, "भावाने माझ्या सगळं सोडलं आता." तिने एकदा डोळे मोठे केले आणि म्हणाली, "सोडला? त्यानं? आगं, तो कोलंबीसाटी भांडायचा माज्याशी!" मी केवढी खूश झाले होते ते ऐकून. वाटलं, बघा, माझ्या शब्दाला माझा भाऊ किती मानतो.

गेलास त्या गुरुवारी तुझ्या घरी धावत आले. सगळं आटोपून लोक खाली गेले, तेव्हा पाणी घ्यायला फ्रिज उघडला. अर्धा ट्रे अंडी. लोण्याचा डबा. आणि स्टीलच्या वाडग्यात कोलंबीचं कालवण! माझा एकही डबा नाही. गुरुवारचा नाही, शुक्रवारचा नाही, शनिवारचा नाही. चार दिवसांपूर्वी मी स्वतः रचून ठेवलेले सहाच्या सहा डबे गायब. नुकतंच तुला पोचवून आले होते, आणि त्या उघड्या फ्रिजसमोर उभी राहून मी मनात तुला शिव्या घालत होते. आहे का कुणी बहीण अशी? पण आहे का कुणी भाऊ असा?

तेव्हा वाटलं, फेकलेस. तेराव्याला कळलं की फेकले नव्हतेस.

पंगत उठल्यावर तुझ्या समोरच्या दारातले गायकवाड आले. एसटीत ड्रायव्हर होते ते, रिटायर झालेले. हातात माझी पिशवी. म्हणाले, "ताई, हे तुमचे डबे. धुतलेत. रागावू नका, पण सांगितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही. साहेब डबे मला द्यायचे."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, कधी?

"दर आठवड्याला. तुम्ही खाली जाऊन रिक्षात बसला की पिशवी इकडं. आमची सूनबाई आन् मुलगा सहालाच जातात कामाला, सकाळी मला कोण देणार? लई भारी असायचं ताई. त्या नाचणीच्या इडल्या तर विचारू नका. माझी शुगर बघा की, कुठल्या कुठं आली! डॉक्टर म्हणाले, गायकवाड, केलंत काय तुम्ही?"

ऐकलंस? दोन वर्षं मी रांधलं आणि बरा झाला समोरचा!

तरी मी म्हटलं, अहो, पण दादा मला रोज फोनवर चव सांगायचा. तर ते लाजले. म्हणाले, "ती मी सांगायचो त्यांना. साडेआठला खाऊन झालं की मी बेल वाजवायचो. ते विचारायचे, बोला गायकवाड, आज काय म्हणू?"

आज काय म्हणू! दादा, लाज नाही वाटली? तू म्हणायचास, "आज आलं जरा जास्त झालं गं," की मी पुढच्या रविवारी आलं कमी करायचे. तू म्हणालास, "वड्या अजून थोड्या तिखट चालतील," मी मिरच्या वाढवल्या. माझ्या वहीत तारीखवार लिहिलंय सगळं. एका परक्या ड्रायव्हरच्या जिभेप्रमाणे मी दोन वर्षं मीठमिरची मोजत होते, आणि ह्यांना सांगत होते, दादाला आता चव कळायला लागलीये!

आणि तो मिठाचा बुधवार? दलियात मीठ घालायचं विसरले होते मी. आमच्या वाटणीचा दलिया खाल्ला तेव्हा माझ्या लक्षात आलं, घाबरून तुला फोन केला. तू म्हणालास, "छे, मस्त होता. एकदम चवदार." त्या दिवशी मला भरून आलं होतं, खरंच. वाटलं, बहिणीला वाईट वाटू नये म्हणून हा अळणी खाऊन गप्प बसला. गायकवाड सांगतात, ते त्यांनीच ठरवलं होतं. "साहेबांना म्हटलं, मिठाचं बोलू नका, ताई एवढ्या लांबनं आणतात." म्हणजे माझी काळजीसुद्धा समोरचाच करत होता. तू तेव्हा काय करत होतास? ऑम्लेट खात होतास!

मी गायकवाडांवर चिडले नाही. माणूस सज्जन आहे, पाया पडायला वाकला तर मीच मागे झाले. चिडून विचारलं एवढंच, की तुम्ही तरी दादाला समजवायचंत, ताईला सांगून टाका म्हणून. नको असेल तर नको. मी काय फाडून खाणार होते त्याला?

तेव्हा ते म्हणाले, "एकदा म्हटलो होतो, ताई. तर साहेब बोलले, गायकवाड, डबा बंद झाला तर ती कशाला येईल?"

पुढचं ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. पिशवी धरून तशीच जिना उतरले.

काय समजलास काय तू मला? मी सख्खी बहीण तुझी! डबे पोचवणारी बाई आहे का मी? माझा एवढा अपमान आजवर कुणी केला नाही. सासरीसुद्धा नाही. अर्ध्या वाटेपर्यंत मी हेच घोकत होते. मग रिक्षात बसल्या बसल्या, तुला खोटं पाडायचं म्हणून, आठवायला लागले की डबे सुरू व्हायच्या आधी मी पनवेलला तुझ्या करंजाड्याच्या घरी केव्हा केव्हा आले होते.

वास्तुशांतीला आले. वहिनी गेली तेव्हा आले.

आणखी आठवेना. नेरूळहून पनवेल किती लांब, सांग? नंतर दोन वर्षं एकही रविवार चुकवला नाही, तेच अंतर होतं ना? त्याआधी सात वर्षं मात्र मला गुडघे होते, पाहुणे होते, पोरांच्या परीक्षा होत्या. तू भाऊबीजेला नेरूळला यायचास, जेवून जायचास, मला वाटायचं झालं की भेटणं.

आणि आल्यावर तरी काय करायचे मी? पिशवी ओट्यावर. डबे फ्रिजमध्ये. मागचे रिकामे डबे गोळा. मग तुझ्या कपाटात तेलाची बाटली किती उतरली ते बघायचं, तुला चार गोष्टी सुनवायच्या, आणि निघायचं. वीस मिनिटं. तू म्हणायचास, "बस की गं जरा, आलीस तशी." मी म्हणायचे, रिक्षा थांबवलीये. दर वेळी तेच. सहा दिवसांचा नाश्ता मी तुला दिला, पण तुझ्या टेबलाशी बसून तुझ्याबरोबर एक घास खाल्ला नाही. एकदा जरी बसले असते ना, तरी तुझं सगळं नाटक दोन मिनिटांत पकडलं असतं.

पण म्हणून तुला सोडलं असं समजू नकोस. तू भित्रा होतास, दादा. सरळ म्हणायचं होतंस, "शकू, तुझा दलिया घाल चुलीत, पण तू येत जा." मी चिडले असते. चार दिवस अबोला धरला असता. मग आले असते की! नसते आले? खरं सांगू, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, आणि तू विचारून बघायची हिंमत केली नाहीस. त्यापेक्षा ती अंडी खात राहिलास, रोज नऊ वाजता फोनवर गोड बोलत राहिलास, आणि एका गुरुवारी सकाळी मला न सांगता निघून गेलास. त्या दिवशी नऊला फोन आला नाही, तेव्हा मी इडल्यांवरच चिडले होते. म्हटलं, बिघडल्या वाटतं.

मी तुला माफ केलेलं नाही. इतक्यात करणारही नाही, वाट बघू नकोस.

गायकवाडांना सगळं कसं करायचं ते मी लिहून दिलंय, मिठासकट. त्यांच्या सूनबाईंचा फोन आला होता, शनिवारी दोघं मिळून करतील म्हणाल्या. मुगाचं काय करायचं ते मी बघते.

तुझ्या घराची एक किल्ली तुझ्या मुलाने माझ्याकडे ठेवलीये. पुढच्या रविवारी मी येणार आहे. हातात पिशवी नसेल, डबा नसेल, काही म्हणजे काही नसेल. रिक्षा सोडून देईन. दार उघडेन आणि दुपारपर्यंत तिथे राहीन. जिन्यात कुणी विचारलंच, ताई, आज काय काम काढलंत, तर सांगेन, काम काही नाही. भावाकडे आलेय.

तुझी,
शकू