कॅप्टनच्या घरचा नारळ

दादा,

पाया पडते. पण आज मी सांगणार अन् तू ऐकणार.

तू जिला खिचडीची शाळा म्हणून हसतोस, त्या आमच्या चिकलठाण्याच्या झेडपीच्या शाळेत हजारावर लेकरं शिकतात. तिथं बँड हाय, गाडी दुरुस्तीचा वर्ग हाय अन् पोरींचा कबड्डीचा संघ हाय. तुझी भाची संस्कृती त्या संघाची कॅप्टन झाली!

शाळेची रीत अशी, की स्पर्धेआधी मैदानावर कॅप्टनच्या घरच्यांनी नारळ फोडायचा. तुझे दाजी वारल्यापासून मी कुठल्याच पूजेत पुढं झाले नाय. म्हणून शेजारच्या सांडूभाऊंना सोबत नेलं. संस्कृतीनं त्यांच्याकडून नारळ घेतला अन् माझ्या हातात दिला. म्हणली, "मम्मी, पोरगी तुझी हाय. तूच फोड."

अख्खी शाळा बघत होती. एका दणक्यात फुटला, दादा! पोरींनी लई गलका केला.

तुझ्या दुकानाच्या पूजेला तू मला आत पोळ्या लाटायला बसवलं होतंस. आता तुझ्या नव्या घराची वास्तुशांत हाय. हे पत्र मी पोस्टात टाकत नाय. मीच येते, नारळ घेऊन.

तुझी धाकटी बहीण,
कॅप्टनची आई
आशा