पाइवीच्या लग्नाची बिअर

रविवार, २४ जुलै १९९४

काहीतरी बिघडलंय. कुणी बोलत नाही, म्हणूनच कळतंय!

लेकीच्या, पाइवीच्या लग्नाआधी थोडी करून बघावी म्हणून चाळीस लिटर बिअर घातली होती. आज सौनात वाफ घेऊन झाल्यावर सगळे अंगणात बसले. लाकडी कटोरा फिरला. एकेक घोट घेऊन सगळ्यांनी पुढे सरकवला. दुसऱ्यांदा कुणी मागितला नाही. माझ्या घरी!

हेल्वीला – नणंदच ती, गप्प बसणारी नव्हे – विचारलं. "वेगळी झालीय, वहिनी." वेगळी म्हणजे? "दमली असशील गं तू," म्हणाली.

मी तीन कटोरे प्यायले. गोड लागली. नुसती गोड. आंबूस नाही, काही नाही.

सोमवार, २५ जुलै

गोठ्यामागच्या गवतात फेस. आर्मासला विचारलं. "सांडली." एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने थेंब सांडलेला नाही.

बुधवार, २७ जुलै

झोप नाही की भूक नाही. कुठे चुकलं? पाणी फार कढत ओतलं? यीस्ट घाईने घातलं? बिअर भरायच्या किटल्या नीट धुतल्या नाहीत? आईबरोबर नऊ वर्षांची असल्यापासून करतेय मी!

हेल्वीचा फोन. "लग्नाला दुकानातली बिअर ठेवली तरी कुणी नावं ठेवणार नाही हो." फोन आपटला.

शुक्रवार, २९ जुलै

पुन्हा घातली. यीस्ट नवं. पाणी झऱ्याचं – आर्मासने सहा खेपा केल्या, चकार शब्द न काढता. गाळायची लाकडी डोण जुनिपरच्या डहाळ्या घातलेल्या उकळत्या पाण्याने तीनदा घासली, हाताची सालं निघाली. डोणीच्या तळाला गाळणीसारखा अंथरायचा पेंढा मात्र आपल्याच कोठारातला, नेहमीसारखा. माल्टचा काढा गाळून उतरला तसा रंग बघत उभी राहिले. तांबूस, दाट. सुरेख! यावेळी चुकायला जागाच नाही.

रविवार, ७ ऑगस्ट

आर्मासला पेला दिला. घोट घेऊन खिडकीबाहेर बघत बसला.

"बोला की!"

"बरी आहे."

"खरं बोला."

"एक्याऐंशी साली हेल्वी फक्त 'यंदा जरा पातळ' म्हणाली होती. दोन वर्षं उंबरा चढू दिला नाहीस तिला. आता कोण बोलेल तुझ्यापुढे?"

आणि लाकडं फोडायला निघून गेला. मी हातात पेला घेऊन तशीच. म्हणजे सगळे घाबरतात मला? शेजारीपाजारीही? हा पेला धड पिता येईना, ओतता येईना.

सोमवार, ८ ऑगस्ट

पाइवीला फोन केला. म्हटलं, ये. तू तरी खरं सांग.

शनिवार, १३ ऑगस्ट

आली. किटलीचं झाकण उघडलं आणि झटकन मागे झाली. "आई! ओल्या तळघराचा वास मारतोय. तुला येत नाही?"

मी नाक खुपसलं. काही नाही.

कोठारात गेली, पेंढ्याची पेंडी घेऊन आली. वरून सोन्यासारखी, आतून बुरशी – छप्पर गळतंय तिथे. माझ्याच हातांनी दोन्ही वेळा डोणीत अंथरली.

मग तिने मला डोळे मिटायला लावले. नाकाखाली काहीतरी धरलं.

"ओळख."

"जुनिपर," म्हणाले. म्हणायचं म्हणून.

व्हिनेगरची बाटली होती.

मग कॉफी धरली. मग ताजं कापलेलं गवत. बराच वेळ मी डोळे उघडलेच नाहीत. कधीपासून असं आहे, तेही सांगता येईना. पाइवी माझा हात धरून बसली होती.

दुपारी हेल्वीला फोन लावला. "सोमवारी लग्नाची बिअर घालायचीय. पेंढा, यीस्ट, किटल्या – सगळं तू हुंगायचंस. मला वास येत नाही."

ती म्हणाली, "आलेच, वहिनी." सोमवार कुठला – संध्याकाळीच आली.