भुरीच्या पिसवा

४ सप्टेंबर १९६१, घाटंजी. सकाळी

निश्चय तीन. पाचला उठणे. बाबांशी वाद न घालणे. भुरीच्या अंगावरच्या पिसवा समूळ नाहीशा करणे. पहिले दोन आजच हुकले. तिसरा हुकणार नाही, कारण त्यात सायन्स आहे आणि अख्ख्या आळीत सायन्स शिकलेला मी एकटा. अमरावतीचे कॉलेज मी सोडले, त्यांनी काढलेले नाही. प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर हसला, मी बीकर आपटला. त्यानंतर तिथे राहणे माझ्या स्वभावात नव्हते.

भुरी ही कुंपणापलीकडच्या पुंडलिकरावांच्या विमलची मांजर. दुपारी मात्र माझ्या खोलीत, माझ्या सतरंजीवर झोपते. मांजर उगाच कोणाकडे जात नाही. मालकिणीचे मन जिथे, तिथे मांजर.

काल विमल स्वतः कुंपणापाशी आली. म्हणाली, भुरी तुमच्या खोलीतून पिसवा आणते, दसऱ्यानंतर घरी पाहुणे यायचे आहेत, तोवर पिसवा गेल्या नाहीत तर आई तिला पोत्यात घालून रानात सोडणार आहे. डोळे भरले होते. एवढी मोठी गोष्ट तिने मलाच सांगितली!

‘भाऊ’ म्हणाली, पण त्यात काही नाही. आपल्याकडे मोटारीच्या कंडक्टरलाही भाऊ म्हणतात. खटकते ते ‘तुम्ही’. ज्या दिवशी ती मला ‘तू’ म्हणेल, त्या दिवशी मी जिंकलो.

५ सप्टेंबर

आईचा उपाय: निंबाच्या पाल्याचे पाणी, मग बारीक फणी, मग सतरंजी उन्हात. रोज, महिनाभर. मी म्हटले, आई, हे एकोणीसशे एकसष्ट आहे. ती म्हणाली, पिसवांना ते माहीत नाही.

बाबा म्हणाले, सतरंजी उन्हात टाकायला सायन्स लागत नाही, उठायला लागते. वाद झाला.

८ सप्टेंबर

मलेरियावाले आले. घरोघर भिंतींवर डी.डी.टी. मारत आहेत. पंपावरचा फकिरा ओळखीचा. दोन मुठी पावडर मागितली. नाही म्हणाला. भिंतीची आहे, जनावराची नाही.

हुद्द्याच्या माणसाला नाही म्हणायची फार हौस असते. तो पाणी प्यायला ओट्यावर बसला, तेवढ्यात टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून घेतली. डास मरतो तर पिसू का मरणार नाही? डासापेक्षा लहानच आहे.

९ सप्टेंबर, रात्री

एक्स्परिमेंट यशस्वी. भुरीला शेपटीपासून कानापर्यंत चोळली. करडी मांजर पांढरीशुभ्र झाली. पिसवा टपटप पडल्या. संध्याकाळी विमलला सांगितले, उद्यापासून एकही दिसणार नाही. ती हसली. माझ्या पांढऱ्या हातांकडे पाहून विचारले, हे काय? म्हटले, औषध.

भुरी दुपारभर अंग चाटत होती. स्वच्छतेची आवड.

१० सप्टेंबर

पोळा. सगळे बैलांमागे गेले. भुरी खोलीच्या कोपऱ्यात बसून भिंतीकडे पाहते आहे. भिंतीवर काही नाही. मी पाहिले. दूध ठेवले, प्यायली नाही. कान थरथरतो आहे. थंडी असावी.

११ सप्टेंबर

अंग थरथरते. चारही पाय. मध्येच उठते आणि दोन पावले मागे जाते, समोर कोणी उभे असल्यासारखी. बाहेर ऊन कडक आहे.

विमल कुंपणापाशी आली होती. मी आत आहे हे कळू दिले नाही. औषधाचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

१२ सप्टेंबर

भुरी गेली.

मी काही केलेले नाही. तिची प्रकृती मुळातच नाजूक असणार. कुंपणाजवळच्या सीताफळाखाली पुरली. वर माती, मातीवर दगड. पावडरचा डबा धाब्यावर कडब्यात लपवला. हात तीनदा धुतले. वास जात नाही.

विमलचा जीव तिच्यात होता. म्हणून तर सांगता येत नाही. दुःख देणे प्रेमात बसत नाही.

१५ सप्टेंबर

दिवेलागणीला विमल हाका मारते. ‘भुरे, ये भुरे.’ आधी अंगणातून, मग कुंपणापाशी येऊन. मग थांबते. ती थांबते ते हाकेपेक्षा वाईट.

आज विचारलेच. मी म्हटले, बाजाराकडे दिसली होती, येईल. ती म्हणाली, भाऊ, तुम्ही पाह्यली ना? मग येईल. तिचा माझ्यावर किती विश्वास आहे!

२० सप्टेंबर

खोलीत पाय ठेवला की पिसवा घोट्यापर्यंत उडतात. पूर्वी मांजर होती तेव्हा मला हात लावत नव्हत्या. आता दारात पाऊल वाजले की सतरंजीवर हालचाल होते. ऐकू येत नाही, पण होते. उरलेली पावडर मारावी म्हणून कडब्यात हात घातला. डबा नाही. बैलांनी तर नाही ना... नाही, बैल चांगले आहेत. आई म्हणाली डबा तिने घासून त्यात मोहरी भरली. किती वेळा घासला ते विचारले. आई माझ्याकडे पाहत राहिली. मोहरी मी फेकून दिली. वाद झाला.

रात्री आई म्हणाली, पिसवा माणसाले लागल्या म्हणजे घरात काहीतरी मेलेलं असते. मी जेवलो नाही.

२ ऑक्टोबर

एक कुत्रे रोज सीताफळाखाली येऊन बसते. भुंकत नाही. नुसते बसते. दगड मारला. थोडे सरकून बसले. आणखी दगड रचले.

पाहुणे म्हणजे कोण ते आज कळले. मुलगा ढाणकीचा, घरची अडत आहे. विमलला पाहायला येतो आहे! पुंडलिकराव हे सगळे आमच्याच ओट्यावर बसून बाबांना सांगत होते. मी उठून आत गेलो. त्या ढाणकीवाल्याचा कान पिरगाळून हातात देईन.

२४ ऑक्टोबर, सकाळी

आज येणार. पुंडलिकरावांच्या घरून सतरंजी मागायला आले. आई धुतलेली देत होती. मी म्हटले, ती फाटकी आहे, माझ्या खोलीतली दे. स्वतः नेऊन बैठकीत अंथरली, मधोमध, जिथे मुलगा बसेल तिथे. महिनाभराच्या उपाशी आहेत. असा प्लॅन कॉलेजात कोणाला सुचला नसता.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मी दारात उभा होतो. मुलाचे काका आधी उठले. मग मामा. पुंडलिकरावांनी धोतर झटकले. एकेकजण बैठकीत उडत होता. मुलगा मात्र मांडी मोडेना. मानेवर तीन दिसत होत्या, मला मोजता आल्या. त्याने हातसुद्धा वर नेला नाही. विमल पोहे घेऊन आली. तिने त्याच्या कॉलरवरची पिसू पाहिली आणि तिला हसू आले. तोही हसला. म्हणाला, आमच्या गोदामात याच्याहून मोठ्या आहेत, या तर पाहुण्या आहेत.

बाहेर सगळे म्हणत होते, पोरगा किती स्थिर आहे, पोरगा हलला नाही.

पसंती झाली. सतरंजी परत आली नाही. लग्नापर्यंत राहू द्या म्हणाले.

२७ ऑक्टोबर

कुत्र्याने दगड उकरले.

मी पोचेपर्यंत विमल तिथे होती. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिने काहीतरी गुंडाळले होते. एक पांढरा पाय बाहेर होता. रडत नव्हती. मी प्रकृतीचे काहीतरी सांगू लागलो. ती म्हणाली, ‘तू मारलं तिले.’

मग म्हणाली, ‘तुह्या हाताले तवाच पावडर होती. मले वाटलं, पिसवांची दवा करून राह्यला. रोज हाका मारत होती मी. तू आतून ऐकत होता.’



‘कोणाले नाही सांगत. मले भाऊ नाही. लग्नात नवरदेवाचा कान पिळाले कोणी पाहिजे. तू उभा राहजो.’

गेली.

‘तू’ म्हणाली. एकदा नाही. मोजले नाही, पण पुष्कळदा.

४ डिसेंबर

लग्न झाले. कान पिळला. जोराने पिळायचा ठरवला होता, हातात जोर आला नाही. कानामागे पिसवांच्या चाव्याचे जुने डाग होते. तो हळूच म्हणाला, जोरानं पिळा, साळेबुवा. मांडवात सगळे हसले. विमलने वर पाहिले नाही.

मानाची टोपी मिळाली. मोठी आहे. कानांवर येते.

संध्याकाळी वरात ढाणकीकडे निघाली. दिवेलागणीला पलीकडच्या अंगणातून कोणी हाक मारली नाही. तरी मी कान देऊन बसलो होतो.

सतरंजी आज परत आली. आई म्हणाली, उद्या उन्हात टाक. उद्या पाचला उठून टाकणार आहे.

दिवा मालवला. पाय खाली ठेवले. त्या वाट पाहतच होत्या.