भिंतीपलीकडचा साखरपुडा

प्रिय सगुणा,

उद्या आपल्या नातीच्या, पूनमच्या बाळाचं बारसं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सोहळा इथंच, न्हावऱ्यात, बाहेरच्या खोलीत. आज दत्तानं पाळणा टांगला आणि मला म्हणाला, "आबा, आईच्या खोलीतला टीव्ही चालू करू का? बायांच्या गर्दीत तुम्ही कुठं बसणार? आत बसून बारसं बघा निवांत." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तू गेल्यापासून त्या खोलीत बसलेलोच नाही गं. उंबऱ्यापर्यंत जातो आणि मागं फिरतो. म्हटलं, आधी तुलाच लिहावं.

पूनमचा साखरपुडा आठवतो? तुला नाही तर कुणाला आठवणार! खुबा मोडून तू आतल्या खोलीत पडलेली. दत्ता म्हणाला, खाटेसकट उचलून बाहेर आणू. कसली कडाडलीस! "दौंडचं सोयरं येनार, आन् मी त्यांच्यापुढं आडवी पडून ऱ्हाऊ? न्हाई!"

मग वायर ओढून तुला आत टीव्हीवर दाखवायचं ठरलं. तर मध्ये दोन उंबरे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात वायर यायची. शेवटी दत्तानं कुरकुंभच्या कंपनीतल्या दोस्ताकडून दोन डब्या आणल्या. एक शिरूरच्या शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याला, दुसरी तुझ्या टीव्हीला. मध्ये वायर नाही, काही नाही!

मी तर हरखूनच गेलो. शाळेत पाठ केलेल्या कवितांत निरोप कोण न्यायचं? ढग, वारा, पाखरं. आणि इथं अख्खी सोयरीक भिंतीतून आत जाणार! तुला हे सांगायला आलो, तर म्हणालीस, "कविता पुरं झाली. चित्र कुठं हाय?"

चित्र नव्हतंच. यायचं, थिजायचं, चौकोन चौकोन होऊन फुटायचं. दत्तानं डब्या वर धरून पाहिल्या, खाली ठेवून पाहिल्या. मग मधल्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. समोर तुझी मांडणी होती, भिंतभर. तुझ्या माहेराहून, निमोण्याहून तुझ्याबरोबर आलेले पितळी हंडे, पराती, नाव घातलेले डबे, ताटांची रांग.

"आई, ही भांडीच चित्राला आडवी येतात गं," तो तुझ्या दाराशी येऊन हळूच म्हणाला.

आपल्याकडं घर बघायला आलेली बाई आधी मांडणी बघते. आपल्या सुनेचा, शोभाचा, जीव वरखाली. "आत्या, उद्या सोयऱ्यांच्या बाया आत डोकावतील. भिंत उघडी दिसली तर काय म्हणतील?"

"भांडी बघाय येनार हाईत का पोरगी?" तू म्हणालीस. "उतरवा. समदी. मागल्या दारी न्या."

एखादी कळशी कलंडली तरी घर डोक्यावर घेणारी तू! त्या दिवशी भांड्यांचा खणखणाट डोळे मिटून ऐकत राहिलीस. शेवटची परात बाहेर गेली आणि तुझ्या टीव्हीवर बाहेरची खोली अशी उमटली, की सतरंजीचा धागान् धागा दिसावा. काय बाई होतीस गं तू!

साखरपुडा झाल्यावर पेढा घेऊन मी आत आलो, तर तू पदरानं डोळे टिपत होतीस.

"कशी दिसली पूनम?"

"दिसली की, ग्वाड." मग म्हणालीस, "पर मी तुमालाच जास्त बघितलं."

"मला? मी तर कोपऱ्यात बसलो होतो."

"म्हनून तर. चारचौघांत तुमाला असं बघितलं व्हतं का मी कवा? मामंजी असायचं, दीर असायचं, पदर नाकापतुर. आज मला बघनारं कोन न्हवतं. पोटभर बघून घेतलं." आणि लगेच, "म्हातारं झालाव की वो! कानावरचं केस तरी कापा."

मी कान चाचपत हसलो. पण नंतर कितीदा मनात आलं, हा कुठला न्याय? ते चित्र एकाच बाजूनं जायचं. तू मला बघत होतीस, ते मला कुठं दिसलं? मान उचलून बघत होतीस, की उशीला गाल टेकून? हसलीस का एकटीच? काहीच सांगितलं नाहीस. पूनमच्या डोक्यावर अक्षता टाकायलाही थांबली नाहीस. एवढी कसली घाई होती गं?

शोभानं आज सकाळीच, कुणी न सांगता, मांडणी उतरवायला घेतली. एकेक भांडं दोन्ही हातांनी धरून खाली ठेवत होती. ती तुझ्या वळणावर गेली बघ.

लिहिता लिहिता माझंही ठरलं. आता उठून दत्ताला सांगतो, लाव टीव्ही. उद्या मी आत येऊन तुझ्या खाटेवर बसेन. आणि शब्द देतो, पाळण्याची दोरी कुणी धरली, बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितल्यावर ते रडलं की नुसतं बघत राहिलं, पूनमच्या चेहऱ्यावर काय होतं, सगळं तुला मोठ्यानं सांगत राहीन. बाहेरच्या बायांना ऐकू गेलं तर जाऊ दे. म्हातारा आत कुणाशी बोलतोय, ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

ज्याला तू जन्मात कधी नावानं हाक मारली नाहीस,
तो तुझा,
किसन