मनोरीची अकरा नारळाची झाडं

मुलुंड,
ता. ६ मे १९५७

ती. वसुधाताईस धाकट्या अनंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

दाजींचा दमा कसा आहे? तुझा नंदू बँकेत चिकटल्याचं कळलं. सांगलीहून धाडलेले पेढे पोचले (चार फुटले होते, तेही खाल्ले). इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुझ्या भावाने शेजारच्या अण्णांची पार वाट लावली आहे, आणि हे अण्णांना अजून ठाऊक नाही.

तुझ्या लग्नात शेजारधर्म म्हणून तीन पंगती वाढणारे आपले अण्णा. बेचाळीसला तुरुंगात गेले, यंदा आपल्या भागातून निवडून आले, आणि तरी आमच्या भिंतीपलीकडच्या दीड खोलीतच राहिले. उपमंत्र्यांच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव होतं, पण त्यांनी ते घरातसुद्धा बोलून दाखवलं नाही. मागे कुणा मंत्र्याचं मेव्हण्याच्या नावावरच्या चाळींचं प्रकरण गाजलं होतं ना, म्हणून पक्षाने यंदा प्रत्येकाच्या शेजारीपाजारी गुपचूप माणूस पाठवून चौकशी करायचं ठरवलं. हे मला आता कळतंय. तेव्हा कळलं असतं तर हे पत्र कशाला लिहिलं असतं?

एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी काळ्या टोपीचे एक गृहस्थ आले. अण्णांचं घराणं कसं, व्यसन आहे का, कोर्टकचेरी काही, घरची परिस्थिती काय, असं विचारू लागले. वर ‘बाहेर बोलू नका’ म्हणाले. ताई, तूच सांग, आपल्याकडे असे प्रश्न कोण विचारतं? अण्णांच्या कुंदाला सव्विसावं लागलंय. तिची पत्रिका त्याच्या आदल्याच आठवड्यात मीच चार ठिकाणी दिली होती. मी समजलो, मुलाकडचे! पोहे करायला लावले आणि सुटलो. व्यसन नाही म्हणालो (ते खरंच होतं). पण परिस्थिती? दीड खोली सांगून मुलगी उजवता येते का? अण्णा आजारपणानंतर मनोरीला कुणा मित्राच्या खोपटात पंधरा दिवस राहिले होते, त्याचा मी बंगला केला. साकीनाक्याच्या एका कारखान्यातला संप त्यांनी मिटवला होता, तिथे त्यांना भागीदार करून टाकलं. बंगला फारच बोडका वाटायला लागला म्हणून भोवती अकरा नारळ लावले. गृहस्थांनी सगळं वहीत लिहून घेतलं. किती व्यवस्थित माणसं, म्हणून मला बरंच वाटलं.

यादी जाहीर झाली, त्यात अण्णा नव्हते. त्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पण गेल्या आठवड्यात एका साप्ताहिकात ‘खादीआडचा बंगला’ म्हणून छापून आलं, ते घेऊन ते माझ्याकडेच आले. चष्मा पुसत म्हणाले, “अनंता, ही अकरा झाडं कुणी मोजली रे?” मला रडूच कोसळलं. मी त्यांच्या दुःखाने रडतोय असं वाटून त्यांनीच माझी समजूत घातली.

परवा आणखी दोघे आले. तेच प्रश्न. आता मी शहाणा झालो होतो. छातीवर हात ठेवून खरं तेच सांगितलं, बंगला नाही, भागीदारी नाही, सोनंनाणं नाही, मुलीच्या ओटीत घालायचा नारळसुद्धा विकत आणावा लागेल. ते खरोखरच मुलाकडचे निघाले. पोहे न खाता उठले.

तुझा,
अनंत

ता. क. नंदूसाठी कुंदा कशी वाटते? मुलगी फार गुणी आहे गं. फक्त चौकशी करायची झाली तर माझ्याकडे करू नका.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात अण्णा आले. कुणी परस्पर आपल्या नावावर घर केलं की काय, ते पाहायला काल मार्वेहून तरीने मनोरीला जाऊन आले. भर उन्हात दारोदार विचारत हिंडले. चेहरा रापलाय. रविवारी पुन्हा जायचं म्हणतात. “माझी नजर आता अधू झाली रे. तू चल बरोबर, तुला सापडेल.” मी हो म्हणालो. ताई, शनिवारच्या आत ये आणि त्यांना सांग. माझ्याने सांगवत नाही.