अडीचचं विमान

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

चार महिने पत्र नाही, माफ कर. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा हात अजून थरथरतो का?

एक सांगायचं टाळत होतो. कंपनीने दहा जुनी विमानं काढून टाकली, म्हणून तोट्यातले मार्ग बंद करायचे ठरले. ती यादी तपासायला माझ्याकडे आली. साहेब म्हणाले, "यात तुमचं गाव आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?" मीच नको म्हणालो. आकडे खरे होते, अर्ध्या सीट रिकाम्या जात होत्या. येत्या एक तारखेपासून आपलं अडीचचं विमान बंद.

इथून आमची विमानं ऐंशी शहरांना जातात. मग त्यांत आपलं नसेल.

मला फुकट पास होता, ताई. तीन वर्षांत त्या रिकाम्या सीटांपैकी एकीवरही मी बसलो नाही. कामाचं निमित्त सांगत राहिलो. खरं म्हणजे मला बाबांना तसं बघवत नव्हतं.

घरावरून ते विमान गेलं की बाबा तुला म्हणतात ना, "गेलं बघ आपल्या धाकट्या साहेबांचं विमान, आण माझी गोळी"? आता त्यांना काय सांगशील?

तुझा,
धाकटा

ता. क. उद्या बाबांना गजराचं घड्याळ पाठवतोय, अडीचला लावून.