खोलीत झोपणार किती जण

अणदूर,
मंगळवार, फाल्गुन

प्रिय म्हाळसा,

प्रिय हा शब्द लिहिण्याआधी मी दाराकडे बघून घेतलं. घरात कोणी नाही हे ठाऊक असूनही बघितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. घरातलं लिहायचं काम आलं की कागद तुझ्यापुढं सरकवायचो, कारण तू सातवी पास आणि मी चौथीतून घरी बसलेला. बँकेचा अर्ज असो की श्रीनाथला होस्टेलवर पाठवायचं पत्र, तू लिहायचीस आणि मी शेजारी बसून "हे बी लिही, ते बी लिही" करायचो. तेव्हा खाडाखोड झाली असेल तर सांभाळून घे. हे फोनवर बोलता आलं नसतं. सूनबाई चांगल्या मनाची, फोन आला की आवाज मोठा करून सगळ्यांच्या मधे ठेवते. मग तू म्हणतेस, "जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." तू म्हणतेस, "गोळी घेतली का?" मी म्हणतो, "घेतली." झालं आपलं बोलणं.

सध्या मी एका गोष्टीनं फार गोंधळून गेलो आहे. ती गोष्ट म्हणजे एसी. दिवाळीत पुण्याला आलो होतो तेव्हा श्रीनाथ म्हणाला होता, "आप्पा, मधल्या खोलीत एसी बसवा, मग आईला पाठवतो. त्याबिगर नाही." तू तेव्हा करंज्यांना मुरड घालत बसली होतीस. मी तुझ्याकडे बघत राहिलो, वाटलं, ही आता काहीतरी म्हणेल. तू मान वर न करता म्हणालीस, "सारण कमी पडंल जणू." त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे. श्रीनाथ पैसे पाठवतो म्हणाला होता, मी नको म्हणालो. हरभरा यंदा बरा झाला, ते पैसे बाजूला ठेवले आहेत. हे माझं मलाच करायचं आहे, त्याचं कारण पुढं लिहितो. लिहायचं धाडस झालं तर.

पहिल्यांदा तुळजापूरला गेलो. तिथं उत्कर्ष नावाच्या माणसानं नवं दुकान टाकलं आहे, आपल्या श्रीनाथपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. मी म्हणालो, एसी घ्यायचा आहे. तो म्हणाला, "दीड टन लागंल, बाबा." आता मी कारखान्याला टनावर ऊस घालणारा माणूस. म्हणालो, दीड टन भिंतीला टांगला तर भिंतच खाली यायची. दुकानातली सगळी हसली. मग त्यानं समजावलं की हे वजन नाही, गारवा मोजायचं माप आहे. मी मान हलवली, पण घरी येईपर्यंत एसटीत विचार करत होतो की गारवा टनावर मोजायचं कुणाला सुचलं असेल. एक टनाचं मशीन एकतीस हजार, दीड टनाचं अडतीस. बसवायचे किती विचारलं तर म्हणाला, "फिटिंग एकदम फ्री!" फुकट म्हटल्याबरोबर मला काळजी लागली. परत येताना मोसंबी घ्यायची विसरलो, चष्म्याचं घरही दुकानातच राहिलं.

म्हणून रेवणप्पाला घरी बोलावलं. आपलं वायरिंग त्यानंच केलेलं, तो खोटं बोलणार नाही. त्यानं मधली खोली वर-खाली बघितली, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "तात्या, फ्री म्हंजे त्येंच्या मान्साची मजुरी फ्री. सामान कुणाचं? तुमचं." मग एकेक निघायला लागलं. बाहेरचं मशीन ठेवायला लोखंडी स्टँड, आठशे. तांब्याचा पाइप मशीनबरोबर दहा फूट येतो म्हणे, पण आपली खोली सगळ्या बाजूंनी घरातच कोंडलेली, बाहेरचं मशीन गच्चीवरच न्यावं लागणार, तिथपर्यंत बावीस फूट. वरच्या बारा फुटांचे फुटाला तीनशेप्रमाणे. पाणी जायची नळी वेगळी, दोनशे. दगडी भिंतीला भोक पाडायचे आठशे, "ड्रिल मशीन रडतंय ह्या भिंतीत," म्हणाला. मीटरपासून जाड वायर, खटका, अर्थिंग मिळून साडेतीन हजार. आपल्याकडे लाईट कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर, तेही साडेतीन. वर लाईट ऑफिसात लोड वाढवायचा अर्ज. मी ते अडत्यानं दिलेल्या हरभऱ्याच्या पट्टीच्या पाठीमागं लिहून तीन वेळा बेरीज केली. तिन्ही वेळा निराळी आली. रेवणप्पानं बोटावर केली, बारा हजार चारशे. फुकटाचे बारा हजार चारशे!

तेवढ्यात रामकिसन गुरुजी आले. ते म्हणाले, "लिंबाजीराव, तुम्हाला लुटायलेत. मला दीड हजारात सगळं बसवून दिलं." मी रेवणप्पाकडं बघितलं. तो म्हणाला, गुरुजींचं एक मशीन भिंतीच्या आत आणि दुसरं त्याच भिंतीच्या बाहेर, पाठीला पाठ. मधे नुसती भिंत. तुमच्यात अंतर हाय, अंतराला पैसा लागतो. गुरुजींना ते पटलं नाही, दोघांची चहा संपेपर्यंत जुंपली. दोघंही खरं बोलत होते असं मला वाटलं, आणि तिथंच माझा गोंधळ वाढला.

जाताना रेवणप्पा मीटरपाशी थांबला आणि आपला सहज म्हणाला, "तात्या, काकू पडल्या त्या दुपारी लाईट कशी काय गेल्ती? म्या त्याच टायमाला खालच्या आळीत मोटार चालवून बघत होतो की." मी त्याला पाइपाचा भाव पुन्हा विचारला.

खर्च एवढ्यावर थांबत नाही. रात्रभर चालवलं तर महिन्याला दोन-अडीच हजार बिल वाढेल म्हणतात. हे वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसतं. बिलाचा कागद आला की मी दोन दिवस घरभर बटणं बंद करत हिंडायचो. तू म्हणायचीस, "अवो, अंधारात भाकरी करू का मी?" परवा मी एकटाच जेवत होतो, तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरातला, मधल्या खोलीतला आणि ओसरीवरचा, तिन्ही दिवे लागलेले आहेत. उठून एकही बंद केला नाही. का, ते विचारू नकोस.

देव नळदुर्गातला दोन महिन्यांचा मुक्काम संपवून माघारी आला त्याला आता दोन महिने होतील. पालखीत यंदा गर्दी लई. मी वेशीपर्यंत गेलो होतो, पुढं गुडघा चालला नाही. तू पुण्याला निघालीस तेव्हा गाडीत बसताना मी म्हणालो होतो, आपला खंडोबा जातो तशी दोन महिने जाऊन ये. तू हसलीस असं मला वाटलं होतं, आता खात्री देता येत नाही. दोन महिन्यांचे दहा झाले. देवाचं बरं असतं, तो किती दिवस तिकडं राहणार आणि कधी माघारी येणार हे दोन्ही गावांत लेखी असतं. आपलं काहीच लेखी नाही.

तुझी तुळस जगली आहे. पाणी जास्त होतं म्हणून मधे पिवळी पडली होती, गुरुजींच्या घरच्यांनी मला रागावून सांगितलं, "भावजी, तिला बुडवू नका, दिसाआड घाला." आता बरी आहे.

काल पुन्हा तुळजापूरला गेलो. ठरवूनच गेलो होतो की आज घ्यायचा. उत्कर्षनं चष्म्याचं घर जपून ठेवलं होतं. त्यानं कागद काढला, खोलीची लांबी-रुंदी विचारली, मी सांगितली, दहा बाय बारा. वर स्लॅब आहे का, म्हणालो आहे. ऊन कधी येतं, म्हणालो दिवसभर तापतो. मग त्यानं विचारलं, "खोलीत झोपणार किती जण?" मी चष्म्याचं घर उघडून पुन्हा मिटलं. तो म्हणाला, "एकटे असाल तर एक टनात भागंल. दोघं असाल तर, वर तापलेला स्लॅब, दीडच घ्या. मग किती लिहू?" माझ्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, विचारून सांगतो. त्याला हसू आवरेना. म्हणाला, "घरात मानसं किती, हे कुणाला विचारनार, बाबा?" मी छत्री उचलून निघालो. छत्री कशाला नेली होती, ते आता आठवत नाही.

म्हाळसा, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. तू दुपारी जेवून आडवी झालीस, डोळा लागला. कूलरमधलं पाणी सरत आलं होतं, तो नुसता घरघरत होता. आदल्या महिन्यात सोळाशे बिल आलेलं. मला वाटलं, खोली आता गार झाली आहे, झोपलेल्या माणसाला काय कळतं. मी बटण बंद केलं, कुत्रं आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं आणि पारावर गेलो. अर्ध्या तासात येतो असं मनात होतं. आलो तेव्हा पाच वाजले होते, तू दाराजवळ जमिनीवर पडली होतीस आणि तुझं अंग तव्यासारखं लागत होतं. म्हणजे तू उठली होतीस, दारापर्यंत आली होतीस. सोलापूरच्या दवाखान्यात श्रीनाथनं विचारलं, "कूलर चालू नव्हता का?" मी म्हणालो, लाईट गेली होती. कुणाला खोटं वाटलं नाही, आपल्याकडे लाईट जातेच. तू तेव्हा डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. दहा महिने मी तेवढंच आठवतो आहे. तुला कळलं होतं, की ग्लानीत नुसती कूस बदललीस? श्रीनाथ पाठवत नाही म्हणून तू तिकडं आहेस, की तुलाच यायचं नाही? मला खरंच उमगत नाही. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

एसीला बटण नसतं, हातात धरायचं रिमोट असतं. ते तुझ्या उशाखाली राहील. मी हात लावणार नाही, हे लिहून देतो. श्रीनाथला खरं काय ते मीच सांगेन, तू सांगायचं ओझं घेऊ नकोस. तुझा राग असेल तर तो बरोबर घेऊन ये, घर मोठं आहे. पण तू मला सांगितल्याशिवाय मशीन कोणतं घ्यायचं ते ठरत नाही, उत्कर्षचा कागद तिथंच अडला आहे, आणि हे पत्र मी तेवढ्यासाठी लिहिलं. पाकिटात एक पोस्टकार्ड घातलं आहे, आपला पत्ता मीच घातला आहे, अक्षर वाकडं असलं तरी पोस्टमन ओळखतो. त्यावर काही लिहायची गरज नाही, कुणी वाचलं तरी कुणाला कळणार नाही. नुसता आकडा घाल. दोन घातलास तर दुसऱ्या दिवशी रेवणप्पाला भिंतीला भोक पाडायला सांगतो. एक घातलास तर उत्कर्षला नको म्हणून कळवीन, मला एकट्याला गच्ची पुरते.

पोस्टकार्डाची वाट बघणारा,
तुझाच
लिंबाजी